उघडायचे राहिलेले दोन स्क्रू

माझं फोटोफ्रेमचं दुकान आणि त्याचं गिटारींचं, मध्ये फक्त फळ्यांची भिंत. पलीकडे तो शिंकला की अलीकडून मी "सावकाश" म्हणायचो. अशी बत्तीस वर्षं काढली आम्ही. त्यामुळे पुढे सांगतोय त्यातलं बहुतेक मी डोळ्यांनी पाहिलंय.

सगळे त्याला पारखी म्हणत. जुन्या इलेक्ट्रिक गिटारी विकत घेणारे लोक पैसे मोजण्याआधी त्या त्याच्याकडे आणायचे. अस्सल की नक्कल, एवढंच विचारायचे. वरवर सोपा वाटणारा हा प्रश्न भारी अवघड असतो. पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या नामांकित गिटारींच्या नकला करणारे हात तेवढेच तयार असतात. मान एकीची, धड दुसरीचं, नंबराची पट्टी तिसरीचीच. पारखी गिटार हातात घ्यायचा, वजन जोखायचा, मानेवरून अंगठा फिरवायचा आणि नाकाजवळ नेऊन वास घ्यायचा. खोट्या रीतीने झिजवलेला रंग तर त्याला लांबून कळायचा. "माणूस धरतो तिथे गिटार झिजते," तो म्हणायचा, "हिला दिसेल तिथे झिजवलीय."

डोळा असा की उपद्रव वाटावा. एकदा माझ्याकडे डबा खायला बसला आणि टेबलावर टिचकी मारून म्हणाला, "वरचा पापुद्रा शिसवी आहे. आत भुसा." मी ते टेबल मोठ्या कौतुकाने घेतलं होतं. दोन दिवस मी त्याच्याशी बोललो नाही.

त्याचा धाकटा भाऊ दहा वर्षांनी लहान. आईवडील लवकर गेले, तेव्हा पारख्यानेच त्याला वाढवलं, शिकवलं, लग्न लावून दिलं आणि दुकानात शेजारी बसवलं. धाकटा अबोल. मानेवरचे पडदे घासून सारखे करणं, तारा चढवणं, सूर बसवणं हे सगळं त्याचं काम. गिऱ्हाईक यायचं थोरल्याच्या शब्दासाठी, पण परत यायचं ते धाकट्याच्या हातासाठी. हे थोरल्यालाही ठाऊक होतं, आणि त्याचा त्याला अभिमानच होता. निदान तेव्हा तरी.

एका शनिवारी हॉटेलातल्या बँडमध्ये वाजवणारा एक कोटवाला आला. गिटार पिवळ्या-तपकिरी रंगाची, देखणी. दुकान भरलेलं होतं, चार-पाच जण पारख्याचा खेळ बघायला टेकले होते. मीही होतो. पारख्याने गिटार उचलली, फिरवली, हुंगली, पट्टीवरचा नंबर वाचला.

"अस्सल," तो म्हणाला.

"मान काढून बघणार नाही?" कोटवाल्याने विचारलं.

"हातच्या काकणाला आरसा कशाला?"

सगळे हसले. कोटवाला खूश झाला. वायर लावतात त्या जॅकची तार तेवढी निसटली होती, ती पारख्याने तिथल्या तिथे स्वतः जोडून दिली. मग गिटार तारा बदलायला धाकट्याकडे दिली आणि स्वतः चार दिवस परगावी गेला. त्या चार दिवसांत गिटार धाकट्याजवळ होती. मग कोटवाला ती घेऊन गेला.

पंधरवड्याने तो परत आला तो तणतणत. गिटार काउंटरवर आपटायचीच बाकी होती. दुसऱ्या शहरातल्या एका जाणकाराने मान उघडून पाहिली होती आणि नक्कल असल्याचं लिहून दिलं होतं. पारख्याने कागद वाचला. मग पेचकस घेऊन मान काढली. मानेच्या टोकाला, धडात बसते त्या जागी, जुन्या कारागिराने पेन्सिलीने तारीख लिहिलेली असते. तिथे तारीख नव्हती. लाकूडही ताजं, यंत्राने कापलेलं.



"ही ती गिटारच नाही," पारखी म्हणाला.

धाकट्याने मान वर केली. "दादा, तीच आहे. मी फक्त तारा बदलल्या."

"म्हणजे मी चुकलो म्हणतोस?"

धाकटा काही बोलला नाही. ज्याने बोट धरून चालवलं त्याला चारचौघांत 'हो, तू चुकलास' कसं म्हणणार? पण त्या गप्प राहण्याचा पारख्याने भलताच अर्थ काढला.

"चार दिवस तुझ्याजवळ होती. खरी कुठेय?"

"दादा..."

"खरी कुठेय ते सांग."

त्या दिवशी मी भिंतीला टेकून उभा होतो. मी म्हणायला हवं होतं की अरे, जरा थांब, नीट उघडून बघ. नाही म्हणालो. खरं सांगायचं तर मलाही पारख्याचा डोळा चुकेल असं वाटलं नव्हतं.

धाकटा आठवड्याच्या आत बायको आणि चार वर्षांच्या मुलीला घेऊन शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायला गेला. पंखे आणि मिक्सर दुरुस्त करायच्या दुकानात लागला. हात तोच, पण कानाला तिथे काही काम नव्हतं. पारख्याने त्याच्या कानशी, त्याचं स्टूल, त्याचा चहाचा कप, सगळं भंगारवाल्याला देऊन टाकलं आणि त्याच्या जागेवर फळ्या ठोकून घेतल्या. त्यानंतर मात्र मान, तारांचा आवाज उचलणारे पिकअप, बटणं, सगळं सुटं केल्याशिवाय त्याने कुठल्याही गिटारीवर कधी शब्द दिला नाही. लोक म्हणायचे, काय काटेकोर माणूस आहे. आपण असे का वागू लागलो, हे त्याने स्वतःला कधी विचारलं की नाही, कोण जाणे.

बारा वर्षांनी धाकटा गेला. कामाच्या टेबलावरच छातीत कळ आली. पारखी अंत्ययात्रेला गेला होता, पण गर्दीच्या मागे उभा राहून परत आला. "चेहरा बघितला का?" मी विचारलं. "लांबून," तो म्हणाला.

त्यानंतर सात वर्षांनी एक परिचारिका गिटार घेऊन आली. कामावरून सुटल्यावर घरी वाजवायची. कुणाकडून तरी जुनी घेतली होती, काळ्या रंगाची. "आवाजात खरखर येते, तेवढी काढा," म्हणाली, "आणि खरी आहे का तेही बघा. विकणाऱ्याने छातीवर हात ठेवून सांगितलंय, म्हणून जास्तच शंका येते." पारखी हसला आणि गिटार ठेवून घेतली.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो माझ्याकडे आला. हातात त्या गिटारीचं नुसतं धड होतं, मान काढलेलं. माझ्यासमोर धरलं.

"हे बघ."

जॅकची पट्टी दोन स्क्रूंवर बसते. ती काढलेली होती. आतल्या खाचेत जुन्या रेडिओतून काढलेली, कापडी वेष्टणाची पिवळी तार होती, आणि खाचेच्या कडेला लाकडावर वाटाण्याएवढा जळका डाग.

"तार तुझीच आहे," मी म्हणालो. तसली तार गल्लीत दुसऱ्या कुणाकडे नव्हती.

"तार सोड. तार काढून दुसरीकडे लावता येते. हा चटका बघ. त्या शनिवारी गर्दीत सोल्डरिंगची तापलेली सळई घसरली होती माझ्या हातातून. चारचौघांत नको म्हणून पटकन वर पट्टी लावून टाकली. कुणाला बोललो नव्हतो. धाकट्यालाही नाही."

मला कळायला थोडा वेळ लागला. मग मी खाचेच्या कडेचा काळा रंग नखाने खरवडला. आत पिवळा-तपकिरी रंग.

"ही त्याच कोटवाल्याची..."

"तीच. मी अस्सल म्हणालो ती हीच. परत आली ती हीच. आणि ही पहिल्यापासून नक्कल आहे." तो माझ्या स्टुलावर बसला. "मान उघडली मी त्या दिवशी. हे दोन स्क्रू नाही उघडले. मिनिटभराचंही काम नव्हतं रे."

मी पाणी दिलं. त्याने ते हातात धरून ठेवलं, प्यायला नाही.

"तो म्हणाला होता," पारखी पुटपुटला. "तीच आहे दादा, म्हणाला होता."

संध्याकाळी परिचारिका आली तेव्हा त्याने तिला सांगितलं की गिटार नक्कल आहे. "असू दे," ती म्हणाली, "वाजते छान." खरखर गेलीय ना, एवढं विचारून तिने पिशवीची चेन लावली आणि गेली. ज्या शब्दापायी एक घर मोडलं, तो तिने चप्पल घालता घालता ऐकून सोडून दिला.

त्या रविवारी सकाळी तो मला म्हणाला, "चल माझ्याबरोबर. एकट्याने जिना चढवणार नाही."

धाकट्याची बायको तिसऱ्या मजल्यावर राहायची. शाळेचे गणवेश शिवायची. खोलीत सगळीकडे निळ्या कापडाच्या बाह्या पडलेल्या. तिने दार उघडलं, क्षणभर बघत राहिली, मग म्हणाली, "या दादा." नवरा म्हणायचा म्हणून तीही त्याला दादाच म्हणायची. बाह्या उचलून तिने आम्हाला बसायला जागा केली.

पारख्याने सगळं सांगितलं. आडपडदा ठेवला नाही, स्वतःची बाजू घेतली नाही. चटक्याचंही सांगितलं. ती मशीनच्या स्टुलावर बसून ऐकत होती.

"म्हणजे त्यांनी चोरी नव्हती केली?" ती म्हणाली.

"नाही."

"अजिबात?"

"अजिबात नाही."

ती बराच वेळ हातातल्या बाहीची शिवण चाचपत बसली. मला वाटलं, आता रडेल, किंवा आम्हाला हाकलून देईल. दोन्हीला मी तयार होतो. ती जे बोलली त्याला नव्हतो.

"मला वाटायचं, केली असेल."

पारख्याने वर बघितलं.

"तुमचा डोळा कधी चुकत नव्हता ना, दादा. सगळेच म्हणायचे. ते पहिलं वर्षभर सांगायचे, मी नाही गं केली. मी म्हणायचे, बरं. मग सांगेनासे झाले. मला वाटलं, खोटं बोलून दमले." तिने बाही खाली ठेवली. "एकदा मुलीची कंपासपेटी शाळेत हरवली. ती रडत घरी आली तर मी त्यांच्याकडे बघितलं. नुसतं बघितलं. ते उठून बाहेर गेले. हे आत्ता आठवलं मला."

पारख्याने हात जोडले. "वाटेल ते बोल मला. मी माफी..."

"थांबा." तिचा आवाज चढला नाही. "मी कुणाची माफी मागू, ते सांगा आधी."

  खाली कुणीतरी बादली भरत होतं, त्याचा आवाज येत राहिला.

"मुलगी जेवायला येईल आता," शेवटी ती म्हणाली. "तिला मी सांगते. तुम्ही नका थांबू."

येताना बसमध्ये पारखी एकच वाक्य बोलला. "तिला निदान संशयावर तरी जगता येत होतं. तेही मी काढून घेतलं." मी म्हणालो, खरं सांगितलंस, बरं केलंस. म्हणताना माझं मलाच ते पोकळ वाटलं.

त्यानंतर त्याने कुठल्याही गिटारीवर शब्द दिला नाही. लोक यायचे. तो गिटार हातात घ्यायचा, उलटीसुलटी करायचा आणि परत द्यायचा. "मला नाही सांगता येत." लोकांना वाटायचं, भाव खातोय. काहींनी चिडून दुसरीकडे जायला सुरुवात केली, मग सगळेच जाऊ लागले. वहिनी, म्हणजे पारख्याची बायको, मला येऊन म्हणाल्या, "तुम्ही तरी समजवा. घरी भाजीसुद्धा आणत नाहीत हल्ली. म्हणतात, चांगली-वाईट मला कळत नाही." मी दोनदा विषय काढला. दोन्ही वेळा त्याने माझ्याकडे असं पाहिलं की मी फ्रेमच्या खिळ्यांकडे वळलो.

चार महिन्यांनी त्याने दुकान सोडलं. सामान हलवायच्या आदल्या आठवड्यात धाकट्याची मुलगी आली. तेवीस वर्षांची, कुठल्याशा कार्यालयात नोकरी करणारी. उंबऱ्याच्या आत आली नाही.

"काका, एक विचारायला आले. बाबांच्या हातचं इथे काही आहे का? आमच्याकडे त्यांचं या कामातलं काहीच नाही. आईने कधी ठेवू दिलं नाही."

"बघतो," पारखी म्हणाला. "मला थोडे दिवस दे."

तीन दिवस आम्ही दोघांनी ते दुकान उपसलं. खोकी, खण, माळा, माळ्यावरचे डबे. एखादी कानस, एखादी वही, त्याच्या अक्षरातली एखादी चिठ्ठी. पारखी दर खोक्याच्या तळाशी हात घालून चाचपायचा. काही म्हणता काही नव्हतं. त्याने स्वतःच एकोणीस वर्षांपूर्वी सगळं निवडून निवडून भंगारात दिलं होतं, आणि ते कामही त्याने चोखच केलं होतं.

मुलगी आली तेव्हा त्याने तिला तसं सांगितलं. तिने मान डोलावली.

"ते बसायचे कुठे?"

त्याने खिडकीजवळच्या फळ्यांकडे बोट दाखवलं. आत यायला ती जरा घुटमळली, मग आली. फळ्या मध्येच असल्यामुळे तिथे बसायला जागा नव्हती, म्हणून ती त्यांना लागून उभी राहिली. तिथून काय दिसतं ते तिने बघून घेतलं. समोरची भिंत आणि थोडा रस्ता. मग मला विचारलं की परतीची बस कुठून मिळेल, आणि ती गेली.

पारख्याने संध्याकाळपर्यंत एकही खोकं बांधलं नाही.