चाकाखालचा दगड

“पावण्यांसमोर हा धोंडा कशाला?” म्हणत मालकांनी गाडीच्या चाकाखालचा दगड झाडीत भिरकावला.

जुन्नरजवळच्या आमच्या रिसॉर्टवर एक माणूस पाहुण्यांना फिरवणारी बॅटरीची गाडी चालवायचा. रिसेप्शनवरून मला रोज दिसायचा. सकाळी बॅटरीत पाणी भरायचा, मग गाडीखाली आडवा होऊन ब्रेकची केबल आवळायचा. केबल पार झिजली होती. नवी मागून मागून तो थकला आणि उतारावर थांबला की चाकाखाली दगड लावू लागला.

“ट्रॅक्टर हाकणारा गडी तू, अन् ह्या खेळण्याला भितो व्हय?” दगड फेकून मालक त्याला हसले.

“खेळण्याखाली बी माणूस मरतो, शेठ. मी न्हाई न्हेणार.”

“मग चावी ठेव अन् घरी जा.”

ग्रीसनं काळ्या झालेल्या बोटांनी त्यानं चावी माझ्या टेबलावर ठेवली आणि शांतपणे चपला घातल्या. त्याच्या वाट्याचाही राग मलाच आला असावा. माझे कान तापले.

“पावण्यांना बसव गं, मीच चालवतो,” मालक म्हणाले. एक म्हातारं जोडपं गाडीकडे निघालंही होतं.

मी चावी मुठीत धरली आणि बाहेर गेले.

“काका, बसू नका. या गाडीचे ब्रेक लागत नाहीत, आणि हे मालकांना माहीत आहे.”