देशाची परीक्षा आणि न ढवळलेली आमटी

माझं शिक्षण चौथीपर्यंत, तेही मारूनमुटकून. त्यामुळे देशादेशांची तुलना कशी करतात हे मला कुणी विचारायला येऊ नये. पण एकदा ती तुलना आमच्या कांजूरमार्गच्या चाळीत येऊन पाटावर बसली होती, आणि तिला काय वाढायचं ते आमच्या हिनं ठरवलं होतं. ही गेली त्याला वर्ष होत आलं. भेटायला येणारे विचारतात, वहिनींचं काय काय आठवतं हो? त्यांना वाटतं, मी लग्नातलं काही सांगेन नाहीतर डोळे पुसेन. मला आमटी आठवते, त्याला मी काय करू.

संपात माझी गिरणी गेली आणि मी भांडुपच्या एका कारखान्याच्या गेटवर वॉचमन म्हणून उभा राहायला लागलो. तेव्हा हिनं घरातच खानावळ काढली. दीड खोलीत खानावळ म्हणजे पंगत बसली की मी गॅलरीत. जेवायला येणारे बहुतेक कोकणातून एकटे आलेले, बिऱ्हाड गावाला ठेवून राहिलेले. त्यातच आमच्या शेजारच्या मराठी शाळेचे हेडमास्तर होते. रात्री पंगतीला बसायचे, दुपारचा डबा शाळेत जायचा. तो आमची पोरगीच न्यायची, कारण ती त्याच शाळेत सातवीला होती. इतिहास झकास, बडबड त्याहून झकास, गणितात मात्र ठार.

एका रात्री हेडमास्तर ताठ बसून जेवले. एरवी ते पाटावर बसले की पोत्यासारखे व्हायचे. म्हणाले, परदेशातून एक पेपर आलाय. तोच पेपर कितीतरी देशांतली मुलं सोडवणार, आणि मग कुठला देश कितव्या नंबरावर ते कळणार. आपल्याकडून ज्या शाळा निवडल्यात त्यात आपली आहे. सातवीचा वर्ग बसणार.

पंगत गार. आमच्या चाळीतून आजवर कबड्डीला सुद्धा कुणी बाहेर गेलं नव्हतं.

समोरच्या खोलीतले एक जण बँकेत होते आणि कुठलीही गोष्ट समजावून सांगायला टपलेले असायचे. त्यांनी सांगितलं की देशाची श्रीमंती नुसती सोन्यात आणि कारखान्यांत नसते, पोरांच्या डोक्यात असते. तेच खरं भांडवल. ज्या देशाच्या पोरांना गणित येतं तो देश पुढं जातो, जपान बघा. हिनं भात वाढता वाढता आमच्या पोरीकडं बघितलं आणि म्हणाली, मग आपली बँक बुडीतच निघायची. पोरगी सगळ्यांत जास्त हसली. दुसऱ्या दिवसापासून ती नळावर, जिन्यात, वाण्याकडं सांगत सुटली की ती देशातर्फे परीक्षेला बसणार आहे. रिबिनी धुऊन, पाट्याखाली दाबून सरळ केल्या.

मग एका दुपारी हेडमास्तरांनी मला शाळेत बोलावलं. आणखी काही पोरांचे बाप आधीच उभे होते. सगळ्यांची पोरं मागच्या बाकांवरची, हे मला बापांच्या चेहऱ्यांवरूनच कळलं. हेडमास्तर गोड बोलले. देशाच्या अब्रूचा प्रश्न आहे, त्या दिवशी तुमच्या मुलांना जरा घरीच ठेवा, पोट दुखत होतं म्हणून चिठ्ठी द्या. मला त्यात वावगं काही दिसलं नाही. पाहुणे यायचे असले की फाटकी गोधडी आपण माळ्यावर टाकतोच की.

घरी येऊन दोघींना सांगितलं. पोरगी तेवढी म्हणाली, "पण आई, माझं पोट दुखत नाहीय."

बस, एवढंच. रडली नाही. रिबिनी पाट्याखालून काढून डब्यात ठेवल्या. हिनं ते बघितलं आणि मला म्हणाली, अहो, तुम्ही उद्या मध्ये बोलू नका. मी कशाला बोलतोय? लग्नापासून मध्ये बोललो नव्हतो.

दुसऱ्या दिवशी हिनं तुरीच्या डाळीची आमटी केली. वर सढळ हातानं लाल फोडणी दिली आणि पातेलं तसंच ठेवून दिलं, अजिबात हलवलं नाही. डाळ सगळी तळाला गेली. मग अलगद पळी धरून वरचा तवंग आणि त्याखालचं पाणी तेवढं हेडमास्तरांच्या डब्यात भरलं. दिसायला असं सुंदर, की लाल काचच. डबा नेहमीसारखा पोरगीच घेऊन गेली. तिला काही माहीत नव्हतं.

शाळेच्या मास्तरांच्या खोलीत काय झालं ते मला शिपायानं सांगितलं. हेडमास्तरांनी झाकण उघडलं, बाकीच्या मास्तरांनी वाहवा केली, यांनी ती भातावर ओतली आणि भाताला नुसती आंघोळ झाली. पळीभर डाळ सापडेल म्हणून डबा तिरका करून बघितला म्हणे. माणूस लाल पाण्याशी भात खाऊन उठला.

रात्री पंगत बसली. हेडमास्तर पाटावर न बसता दारातच थांबले.

"वहिनी, आज आमटीत डाळ नव्हती."

"नव्हती कशी, मास्तर? पातेल्यात आहे की. तळाला."

"मग मला का नाही आली?"

"तुम्हाला वरची वाढली. निवडक. रंगाला छान होती ना?"

पंगतीतल्यांचे हात थांबले. बँकवाले आपल्या खोलीच्या दारात येऊन उभे राहिले, त्यांना समजावून सांगायला काहीतरी मिळणार होतं.

ही पुढं म्हणाली, "आमटी कशी झालीय ते बघायचं तर आधी ढवळायला नको? वरवरचं चाखून तुम्ही परदेशात कळवणार, आमच्याकडं अशी असते म्हणून. आणि खालचं काय? सांडून टाकायचं?"

हेडमास्तर हळूच म्हणाले, "अहो वहिनी, देशाचा नंबर खाली येईल हो."

तशी ही भडकली. भडकली की हिच्या तोंडात थेट गावची बोली यायची.

"येवंदे. माझा चेडू ह्या देशातला न्हय काय?"

चेडू म्हणजे आमच्याकडं मुलगी. हेडमास्तरही तिकडचेच, त्यांना सांगायला लागलं नाही. ते चप्पल काढून आत आले आणि पाटावर पोत्यासारखे बसले. हिनं पातेलं पुढं ओढलं, तळापासून ढवळलं आणि त्यांना पहिली वाढली. खाली मान घालून जेवताना ते एवढंच म्हणाले, "परीक्षेला सगळ्यांना पाठवा."

परीक्षेच्या दिवशी हिनं पोरीच्या हातावर दही घातलं. मागच्या बाकावरची बाकीची पोरंही आमच्या दारात येऊन हात पुढं करून उभी राहिली, त्यांनाही घातलं. त्या दिवशी पंगतीला ताक नव्हतं.

पोरगी घरी आली ती नाचत. म्हणाली, आई, काय झकास पेपर होता. एका चित्रात घराच्या छपरावरून धूर निघत होता आणि विचारलं होतं, वारा कुठून येतोय. हिला प्रश्न पडला की त्या लोकांनी चूल छपरावर का नेऊन ठेवली. दुसरं म्हणजे प्रत्येक प्रश्नाखाली चार उत्तरं आयती छापलेली, आपण फक्त खूण करायची. ही म्हणाली, उत्तरं त्यांनीच दिली तर परीक्षा कसली गं?

मी विचारलं, येत नव्हतं तिथं काय केलंस?

"पाळी लावली," पोरगी म्हणाली. पहिल्यांदा अ ला, मग ब ला, मग क ला, मग ड ला. नळावर लावतात तशी. एकालाच सारखं दिलं तर बाकीच्यांवर अन्याय नाही का होत?

बँकवाल्यांनी कपाळावर हात मारला. म्हणाले, लागली देशाची वाट. ही म्हणाली, नंबर खाली आला तर येऊ दे, खरा तर येईल.

नंबर कितवा आला ते आमच्यापर्यंत कधी पोचलंच नाही. हेडमास्तरांनाही कुणी कळवलं नसावं. नाहीतर एवढी मोठी गोष्ट त्यांनी पानावर बसून सांगितली असतीच.

आता पेपरात येतं, अमुक देशाची मुलं हुशार, तमुक देशाची ढ. मी चष्मा पुसून अक्षर लावत वाचतो. मला त्यातलं फार कळत नाही. छापणारे समोर असते तर एवढंच विचारलं असतं, बाबांनो, ढवळलं होतंत का?

आणि हे ऐकवायला घरात बघतो तर कुणी नसतं.

आठवडाभर मी मेसचा डबा खातो. रविवारी पोरगी नाहूरहून येते, आमटी करते आणि वाढायच्या आधी पळी पार तळापर्यंत घालते, आईसारखीच. मी तोंडावर सांगतो, तुझ्या आईच्या हाताची चव नाही हिला. ती म्हणते, माहितीय बाबा, ताट पुढं करा.

मी करतो.