परातीत धुतलेली चित्रं

समोरच्या ओट्यावर आक्कांना परातीत चित्र धुताना मी पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा हातातलं वर्तमानपत्र टाकून धावलो. आदल्या दिवशी त्यांनी काढलेली ती शेळी मला आवडली होती. शिवाय जन्म ग्रंथपाल म्हणून काढल्यामुळे कागदाला पाणी लागलेलं मला पाहवत नाही.

"आक्का, काय करताय हे!"

"दिसंना का? धुवायलेय." त्यांनी ओल्या फडक्यानं शेळीचं तोंड पुसलं. "कालची रांगोळी आज दारात ठेवत्यात का कुनी, सर?"

आक्का म्हणजे शिवकांताबाई. राणीसावरगावहून लग्न होऊन गंगाखेडला आल्या, तेव्हापासून त्यांच्या अंगणात रोज नवी रांगोळी पडे. पंचाहत्तरीला गुडघ्यांनी संप पुकारला आणि डॉक्टरांनी उकिडवं बसायला मनाई केली. आठवडाभर त्या खुर्चीवर बसून रिकाम्या अंगणाकडे बघत राहिल्या. "दिवस उजाडल्यावानीच वाटंना, सर," म्हणायच्या. चहा कधी घ्यायचा हेही त्यांना कळेना, कारण तो रांगोळीनंतरचा असे. मग पुण्याहून लेकीनं जलरंगांची पेटी आणि जाड कागदांची वही पाठवली. आक्कांनी वहीतला एक कागद काढला आणि बाकीची वही ट्रंकेत, ठेवणीतल्या लुगड्यांच्या घडीत ठेवून दिली.

त्या एका कागदावर रोज एक चित्र. कढई, शेजारची शेळी, वर्तमानपत्र वाचणारा मी. आधी पेन्सिलीनं ठिपके मांडायच्या, मग जोडायच्या. त्यामुळे शेळीच काय, मीसुद्धा चारी बाजूंनी सारखा दिसे. सुरुवातीला रंग चिमटीत धरायचाही प्रयत्न झाला. कोरड्या रंगाची सवय, पाण्याचा त्यांना राग येई. "ह्यो रंग लय आगाव हाय. म्या इथं सोडला, ह्यो तिथं चालला," असं म्हणून त्याला दटावायच्या. दुसऱ्या सकाळी चित्र परातीत, रंगीत पाणी कण्हेरीला, कागद दोरीवर. वाळला की नवं चित्र. पुरता पांढरा तो पुन्हा कधी झाला नाही. हळद लागलेल्या फडक्यासारखा दिसू लागला. पण आक्कांचा चहा वेळेवर होऊ लागला.

पुढची चूक माझी. आमच्यासमोरच्या एक बाई शंभर दिवस रोज चित्र काढताहेत, असं मी गावातल्या एका सांस्कृतिक मंडळाच्या अध्यक्षांजवळ बोलून गेलो. या गृहस्थांना उद्घाटनाशिवाय करमत नसे. एका पाणपोईचं त्यांनी दोनदा केलं होतं. आठ दिवसांत चौकात फ्लेक्स लागला, 'शंभर चित्रांचे भव्य प्रदर्शन'. त्यावर अध्यक्षांचा फोटो माणसापेक्षा मोठा होता. आक्कांचा नव्हताच.

प्रदर्शन महिन्यावर होतं. मी हात जोडले. "आक्का, शंभर नाही तर तीस तरी होऊ द्या. तेवढे दिवस धुऊ नका. माझी अब्रू आहे."

अब्रूसाठी ट्रंकेतली वही बाहेर आली. तीन दिवसांत तीन चित्रं भिंतीला लागली. चौथ्या दिवशी गेलो तर आक्का हात मांडीवर ठेवून त्यांच्याकडे बघत बसलेल्या. पुढ्यातला चहा निवला होता.

"तिन्ही माझ्याकडंच बघायलीत," त्या म्हणाल्या. "कालची कढई बरी झाली. आता तिच्याहून बरी काढावं वाटतंय, अन् हात उचलंना. कालचं समोर असलं की आजचं सुचत न्हाई, सर."

रिकाम्या अंगणाकडे बघतानाचा चेहरा होता तो. मी अब्रूचा विचार सोडला आणि आत जाऊन परात आणली.

प्रदर्शनाच्या दिवशी सभागृहात शंभर खिळे ठोकलेले होते. आक्कांनी पिशवीतून तो जुना कागद काढला आणि पहिल्या खिळ्याला लावला. त्यावर त्या दिवशीची वांगी होती.

"बाकीची कुठं आहेत?" अध्यक्षांनी मला विचारलं.

"ह्येच्याच खाली हायेत समदी," आक्का म्हणाल्या. "उजेडात धरून बघा, शेळीचं शिंग दिसंल."

अध्यक्षांनी धरून बघितलं. मग, भाषण तयार होतं म्हणून, ते केलं. त्यात 'चिरंतन' हा शब्द अकरा वेळा आला. आभारप्रदर्शन चालू असताना आक्कांनी एका कार्यकर्त्याकडून पाण्याची बाटली मागून घेतली. सगळ्यांना वाटलं, तहान लागली असेल. अध्यक्ष फोटोसाठी कागदाशेजारी उभे राहायला वळले तोवर वांगी ओघळायला लागली होती. फडकं आक्कांनी घरूनच आणलं होतं.

"अहो, अहो, हे काय करताय!"

"कार्यक्रम झाला न्हवं?" आक्का म्हणाल्या. "मग? उद्याच्याला कागद वाळाया पायजे."

फोटो निघाला. त्यात अध्यक्ष एका मळकट कागदाकडे बोट दाखवताहेत.

मागच्या दिवाळीनंतर लेक त्यांना पुण्याला घेऊन गेली. रिक्षात बसण्याआधी त्यांनी तो कागद, स्वच्छ धुऊन वाळवलेला, माझ्या हातात दिला. पेटीतल्या रंगांचे उरलेले तुकडे एका डबीत घालून दिले. "रोज पेपर वाचून लोकांला नावं ठेवता," त्या म्हणाल्या. "त्येच्या आधी येक चित्र काढत जावा."

मी हसलो. दुसऱ्या सकाळी गल्लीत कुणी नाही असं बघून त्या कागदावर समोरची कण्हेर काढली. वाटलं होतं त्यापेक्षा बरी झाली. खरं सांगायचं तर बरीच बरी झाली. ती मी पुस्तकांच्या कपाटाला टेकवून ठेवली आहे. येणाऱ्याच्या नजरेत भरेल अशी, पण सहज ठेवल्यासारखी.

दर रविवारी पुण्याहून फोन येतो. आक्का माझ्या गुडघ्यांची आणि त्यांच्या कण्हेरीची चौकशी करतात, आणि फोन ठेवता ठेवता विचारतात, "सर, धुतलं का?"

"उद्या धुतो," मी म्हणतो.

दुसरं चित्र अजून झालेलं नाही.