कुस्कोला वाढलेलं पान

आम्ही राहतो टेक्सासमधल्या शुगर लँडला. तिथली सगळ्यात उंच जागा म्हणजे फ्रीवेवरचा पूल. त्यामुळे पेरूतल्या कुस्कोला, अकरा हजार फुटांवर उतरलो आणि हॉटेलच्या चौथ्या पायरीवरच मी नाटकातल्या म्हाताऱ्यासारखा छातीला हात लावून खाली बसलो. बायकोने माझा फोटो काढला.

ही ट्रिप खरं तर नागपूरची व्हायची. दीड वर्षापूर्वी सासूबाई गेल्या, तेव्हा आमचं ग्रीन कार्ड अडकलेलं होतं. आत्ता देश सोडलात तर परत याल याची गॅरंटी नाही, असं वकिलाने सांगितलं. बायकोने आईचे दिवस फोनच्या स्क्रीनवर बघितले. कार्ड हातात पडलं त्या दिवशी मी म्हणालो, "चल, आधी नागपूर."

"कुठल्या तोंडाने जाऊ? आई माझ्यावर रागावूनच गेली असणार."

यावर माझा एकही विनोद चालला नाही. म्हणून पेरू.

पहिल्या दुपारी मी हौसेने तिथला मानाचा पदार्थ मागवला. भाजलेला गिनी पिग. अख्खा आला, दात विचकून, डोक्यावर टोमॅटोची टोपी घालून.

"तुझ्या बॉससारखा दिसतोय रे," बायको म्हणाली. ती शाकाहारी. तिने जांभळे, पिवळे, सुरकुतलेले असे सात तऱ्हेचे बटाटे खाल्ले आणि मी त्या टोपीवाल्याच्या नजरेला नजर न देता मांडी संपवली.

दुसऱ्या दिवशी बाजारात गेलो तर जो तो तान्हं बाळ कडेवर घेऊन निघालेला. जवळ जाऊन बघितलं तर पाव! दुपट्यात गुंडाळलेल्या बाळाच्या आकाराचा, त्यावर रंगवलेला चेहरा चिकटवलेला, डोळे टक्क उघडे. नोव्हेंबरच्या सुरुवातीला इथे गेलेली माणसं जेवायला येतात, हॉटेलच्या काउंटरवरच्या मुलीने सांगितलं. पुण्याहून मावशी येणार म्हटल्यासारखं, सहज. मग काय, मी लगेच दफनभूमीसाठी टॅक्सी केली.

सकाळचे अकरा वाजले होते. दफनभूमीत लख्ख ऊन. चाळीसारख्या भिंती, भिंतीत गेलेल्यांचे खण, खणाला काचेचं दार. प्रत्येक काचेमागे भातुकली मांडलेली: बोटाएवढी बाटली, नखाएवढी ताटली, आणि मधोमध फोटो. शेकडो फोटो. विरळ हवेने डोकं हलकं झालेलं, त्यात मला सारखं वाटायचं, आपली पाठ वळली की आत कुणीतरी ताटली सरकवतंय. दोनदा गर्रकन वळून बघितलं. बायको म्हणाली, "ड्रामा बंद कर." पण माझी बाही तिने सोडली नव्हती.

एका वळणावर बाकावर विणलेलं कापड अंथरून ताट मांडलं होतं. बटाटे, मका, चीज, शेजारी ते पावाचं बाळ. भोवती सात-आठ माणसं नुसती उभी. कुणी जेवत नव्हतं. एक म्हातारा व्हायोलिन वाजवत होता. चाळिशीतली एक बाई आम्हाला बघून बाजूला सरकली आणि जागा करून दिली.

पुढ्यात आलेला प्रसाद नाकारायचा नाही, हे आमच्या हिच्या अंगात इतकं मुरलेलं की तिने चपला काढल्या, एक बटाटा उचलला, कपाळाला लावला आणि खाल्ला.

व्हायोलिन मध्येच थांबलं.

टेक्सासमध्ये साइटवरच्या कामगारांसोबत वीस वर्षं काढून मला जे स्पॅनिश येतं, त्यातल्या निम्म्या शिव्या. उरलेल्या निम्म्यात मी माफी मागितली. माझ्याकडे कुणी बघितलंही नाही. म्हातारा हळूच म्हणाला, हे पान सकाळपासून वाढलंय. न बोलावता कुणी परकं येऊन जेवलं, की त्या तोंडाने आमची माणसं जेवतात.

म्हणजे कावळा! माझी बायको कुस्कोचा कावळा झाली होती. मी हसायला तोंड उघडलं, तेवढ्यात ती बाई पुढे आली आणि हिच्या डोळ्यांत बघून काहीतरी पुटपुटली.

"काय म्हणतेय?" बायकोने विचारलं.

सांगू नये असं वाटलं. पण सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते.

"म्हणतेय, आई, मी वेळेवर पोचले नाही. रागावलीस का?"

बायकोने घास सावकाश चावला. गिळला. मग पदर नसलेल्या जॅकेटचा खांदा सारखा करत म्हणाली, "मीठ कमी पडलंय गं. बाकी राग कसला त्यात?"

आवाज तिचा नव्हता. बावीस वर्षं नागपूरच्या प्रत्येक फेरीत जावयाच्या पाटावर बसून मी हे वाक्य याच सुरात ऐकलंय. पहिल्या घासाला सासूबाई हेच म्हणायच्या, खांदाही असाच सारखा करायच्या.

मी भाषांतर केलं. मिठासकट. ती बाई आधी खळखळून हसली, मग हिच्या गळ्यात पडून रडायला लागली. आणि दीड वर्षात न रडलेली माझी बायकोही रडायला लागली. व्हायोलिन पुन्हा सुरू झालं. कुणीतरी माझ्या हातात मक्याचं कणीस कोंबलं.

परत येताना टॅक्सीत मी घाबरत घाबरत विचारलं, "मगाशी ते कोण बोललं गं?"

"नागपूरची तिकिटं बघ," ती म्हणाली. "या महिन्यातली."