मोनोफिनला लावलेलं तेल

दिवाळीच्या सुट्टीत यवतमाळहून राळेगावच्या एसटीत चढलो, तेव्हा माझ्याजवळ जुन्या चादरीत गुंडाळलेलं मोनोफिन होतं. लहान मूल कडेवर घेतात तसं मी ते धरलं होतं. ते वाकवायचं नाही, उन्हात ठेवायचं नाही, उभं टेकवायचं नाही, त्याच्यावर काही ठेवायचं नाही आणि एसटीच्या टपावर तर मुळीच टाकायचं नाही, असं आमच्या पोहण्याच्या सरांनी इतक्यांदा बजावलं होतं की मला माझ्या पोहण्याच्या कपड्यांच्या पिशवीची आठवणही राहिली नव्हती. ती कॉलेजातच राहिली.

"हे काय हाय भाऊ? डिशची छत्री?" कंडक्टरनं विचारलं.

"नाही. पोहायचं आहे."

"पोहाचं?" त्यांनी तिकीट फाडता फाडता मागं वळून सगळ्या गाडीला सांगितलं, "राळेगावले पोहाले चाललं पोट्टं."

गाडी हसली. मागच्या सीटवरची एक म्हातारी म्हणाली, "हसता काहून बापा? घेऊन चाललं तं पानीही आनन संग."

बोलायला मला तेव्हा वेळ लागायचा, अजूनही लागतो.

मोनोफिन म्हणजे काय हे मला तरी आधी कुठं ठाऊक होतं? दोन रबरी बूट एकमेकांना चिकटवलेले, आणि त्यांच्या पुढं फायबरचं एक रुंद पातं, माशाच्या शेपटासारखं. दोन्ही पाय त्यात घालून बसवायचे. मग हात डोक्यापुढं लांब करून एकावर एक धरायचे आणि छातीपासून लाट सोडायची. ती कमरेतून, गुडघ्यातून खाली जाते, शेवटी पातं वाकतं आणि सुटतं. ते सुटताना मागून कुणीतरी ढकलल्यासारखं वाटतं. पहिल्यांदा तसं झालं तेव्हा मी पाण्यातच हसलो आणि नाकातोंडात पाणी गेलं.

आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला. पोहायला मी विहिरीत शिकलो होतो, मान वर काढून, म्हशीसारखा. शहरातली मुलं मला पाहून हसायची ते बरोबरच होतं. पण पडलेली बादली काढायला लहानपणापासून बुड्या मारल्यामुळं माझा दम बरा होता. सरांनी ते हेरलं. पाण्याच्या वर न येता एका दमात पन्नास मीटर जायची एक शर्यत असते, तिला त्यांनी मला घातलं. कॉलेजच्या पोहण्याच्या तलावाकडं मोनोफिन एकच होतं. विद्यापीठाच्या संघात निवड झाली तर वसतिगृहात खेळाडूंसाठी राखलेली एक खाट मला मिळणार होती. तोवर मी गावाहून ये-जा करत होतो, आणि आमच्या गावची पहिली गाडी यवतमाळला पोचायची तेव्हा प्रॅक्टिकलचे निम्मे तास होऊन गेलेले असायचे. मास्तरांनी स्पष्ट सांगितलं होतं, असंच चाललं तर परीक्षेला बसता येणार नाही. म्हणजे खाट मिळाली तर कॉलेज, नाही तर नाही, इतकी ती साधी गोष्ट होती.

सुट्टीत तलाव बंद. तलावाच्या खोलीत उंदीर. उंदरांना रबर आवडतं. म्हणून सरांनी मोनोफिन माझ्याबरोबर घरी धाडलं.

घरी पुढची खोली कापसानं भरली होती. त्या वर्षांत आमच्याकडं सगळ्यांचंच तसं होतं. भाव चढेल म्हणून कापूस घरात घालायचा, आणि माणसांनी ओसरीत झोपायचं. मोनोफिन सपाट ठेवायचं, सावलीत ठेवायचं म्हटल्यावर मायनं ते कापसाच्या ढिगावरच ठेवलं. दर वेच्याला ढीग वाढायचा, तसं तेही वर जायचं. "पोरापेक्षा याचीच गादी मऊ," माय म्हणायची.

दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, "चालवून तं दाखव."

"जमिनीवर चालवत नाहीत माय."

"मंग घालून दाखव."

मी अंगणात बाजेवर बसून पायांना साबणाचं पाणी लावलं आणि ते घातलं. बूट फार घट्ट असतात, असावेच लागतात. पाय हलला तर लाट पात्यापर्यंत जात नाही. शेजारची काकू कुंपणावरून बघत होती. मला उठता येईना हे पाहून ती म्हणाली, "बाई, याच्यासाठी बायको विहिरीतलीच पाहा लागन."

माय पदर तोंडाला लावून हसली. बाबा हसले नाहीत. ते माझ्या पायांकडं बघत होते. काढल्यावर टाचा सोललेल्या दिसल्या.

"कॉलेजवाले असे बूट देते?" त्यांनी विचारलं.

"नवीन आहे म्हणून. होईल सैल." मी सहज बोललो.

यानंतरचे काही दिवस मी वेचणीला जात होतो आणि सकाळी विहिरीत दमाचा सराव करत होतो, चुलतभावाला काठावर बसवून. एकट्यानं दम धरायचा नाही, वर कुणीतरी लक्ष ठेवायलाच पाहिजे, ही सरांची अट होती. चुलतभाऊ लक्ष ठेवायचा, पण मी वर आलो की दर वेळी विचारायचा, "बादली सापडली का?"

सुट्टी संपत आली तेव्हा मोनोफिन खाली काढलं. बुटांना हात लावला तर बोटं चिकटली. रबर फुगलं होतं, मऊ पडलं होतं, आणि त्याला जवसाच्या तेलाचा वास येत होता. पाय घातला तर कुठंही न अडकता आत गेला आणि तसाच बाहेर आला.

"बाबा, याला काही लावलं का?"

"तेल लावलं," बाबा म्हणाले. त्यांच्या आवाजात थोडा अभिमान होता. "रोज लावलं. बैलाच्या घुंगराचा पट्टा कडक झाला का आपन लावतोच ना? जवसाचं, अन् त्याच्यात जरासं इंजिनचं. आता नाही टोचाचं."

चामडं तेलानं मऊ होतं, रबर तेलानं मरतं. मला हे ठाऊक होतं, सरांनीच सांगितलं होतं. पण घरी सांगायचं मला सुचलं नव्हतं, कारण मोनोफिनला कुणी तेल लावेल हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी एवढंच म्हणालो, "घट्टच पाहिजे होतं ते."

मायला कळायला वेळ लागला नाही. "पोराच्या शेपटीले फोडनी देल्ली यायनं," ती म्हणाली. एरवी बाबांनी उलट काही ऐकवलं असतं. त्या दिवशी ते उठून गोठ्यात गेले. जेवायला बसले तेव्हाही ताटाकडंच बघत होते.

मी राखेनं, साबणानं, कोमट पाण्यानं बूट धुऊन पाहिले. वास कमी झाला, पण फुगलेलं रबर काही आकसलं नाही. अमरावतीच्या निवड चाचणीला आठवडाही उरला नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाबा ओसरीत बसले होते. समोर बोरे शिवायचं दाभण, सुतळीचा एक पदर सोडवून केलेला बारीक दोरा, आणि त्यांचा लाल दुपट्टा. बाजाराच्या दिवशी खांद्यावर टाकायचा, चांगला. त्याचे त्यांनी चार तुकडे केले होते.

"पाय दे इकडं," ते म्हणाले.

त्यांनी माझा पाय मांडीवर घेतला, कापड दुहेरी गुंडाळलं, मधे कापसाचा पातळ थर घातला आणि पायावरच शिवायला घेतलं. एकदा दाभण टोचलं. मी हललो तर म्हणाले, "गप. भरलेला कट्टा हालते का शिवतानी?" मोजे झाले तेव्हा माझे पाय कापसानं भरलेल्या दोन लहान बोऱ्यांसारखे दिसत होते. ते घालून पाय बुटात सारला. अडकला. बाबांनी दोन्ही हातांनी ओढून पाहिलं, पाय निघाला नाही. मग ते पाणी प्यायला उठले.

अमरावतीच्या तलावावर सगळ्या जिल्ह्यांतली मुलं आली होती. त्यांच्या पायांत काळे, अंगाला घट्ट बसणारे मोजे होते. मी पिशवीतून माझे काढले, तेव्हा अकोल्याचा एक मुलगा म्हणाला, "भाऊ, लग्न आहे का कुणाचं?" मी हो म्हणालो. का ते मला माहीत नाही. सरांनी एक बूट हुंगला, माझ्याकडं पाहिलं आणि मला ओळीत उभं केलं.

उडी मारली. पाण्याखाली शांत असतं. पहिली लाट सोडली आणि पातं सुटलं. मोजे ओले होऊन आणखी घट्ट बसले होते. मला फार बरं वाटलं. अर्ध्याच्या थोडं पुढं गेलो असेन, तोच कुणीतरी वरून धपकन् पडलं आणि त्यानं माझ्या कमरेला मिठी मारली. मी सुटायला धडपडलो तशी त्यानं आणखी आवळली. वर आलो तर मला धरून तलावाचा जीवरक्षक, काठावर सगळी माणसं उभी आणि एकच ओरड, "रक्त! रक्त!"

मागं पाहिलं. मी आलो त्या वाटेवर निळ्या पाण्यात लाल पट्टा पसरला होता, सुरुवातीपासून माझ्या पायांपर्यंत, अगदी सरळ. सर नंतर म्हणाले, "एक बरं झालं. तू सरळ पोहतोस हे सगळ्यांना दिसलं."

मुख्य पंच एक बाई होत्या. त्यांनी मला काठावर बसवून पाय उघडायला लावले. पाय धड होते. त्यांनी एक मोजा पिळला. लाल पाणी निघालं.

"रंग आहे हा."

"हो मॅडम."

"कुठून घेतले हे?"

"बाबांनी शिवले."

"कशानं?"

"दाभणानं."

त्यांनी चष्मा वर सरकवून टाका पाहिला. मग म्हणाल्या, "शिवण चांगली आहे. पण माझा तलाव रंगवू नकोस. बादलीत धुऊन आण, पाणी स्वच्छ निघेपर्यंत. विश्रांती घे. सगळ्यांत शेवटी तुला एकट्याला सोडते."

मी नळाखाली बसून मोजे धुवायला लागलो. पाणी लालच येत होतं. मघाचा अकोल्याचा मुलगा आला, त्यानं दुसरा मोजा घेतला आणि पिळू लागला. "आहेर काय देणार ते सांग," तो म्हणाला. त्याची शर्यत होऊन गेली होती आणि तो पहिला आला होता, म्हणून त्याला चेष्टा परवडत होती. पण त्यानं बादल्या बदलून बदलून बराच वेळ मोजा धुतला.

शेवटी मला सोडलं. आता तलावात मी एकटा, आणि काठावर सगळे. ते माझा वेग बघत होते की पाण्याचा रंग, मला ठाऊक नाही. शेवटच्या टप्प्यात छाती जळायला लागली. विहिरीत असतो तर वर आलो असतो. हात भिंतीला लागले तेव्हाच डोकं वर काढलं. मला काही ऐकू येईना. सरांनी चार बोटं दाखवली. मी चौथा आलो होतो, आणि संघात चौघं घ्यायचे होते.

परतीच्या गाडीत सरांनी विचारलं, "कोणतं तेल?"

"जवसाचं. आणि थोडं इंजिनचं."

"नवे बूट चिकटवून घ्यावे लागतील. तोवर मोजे घाल," ते म्हणाले. "आणि बाबांना सांग, पोरानं नाव राखलं, पण पुढच्या वेळी आधी मला विचारा."

खाट मिळाली. आता अडचण वेगळीच झाली. मोनोफिन सपाट ठेवायचं, आणि खोलीत सपाट जागा तेवढी एकच. खाली ठेवलं तर उंदीर, टेबलावर ठेवलं तर खोलीतले दोघं त्याच्यावर पत्ते मांडायचे. म्हणून ते खाटेवर आणि मी खाली चटईवर.

भाव काही चढला नाही. एक दिवस कापूस विकून बाबा यवतमाळला खाट बघायला आले. दारातच थांबले.

"खाट तुले भेटली का याले?"

"दोघांना."

"मंग तू कुठं निजतं?"

मी चटई दाखवली. ते तिच्यावर बसले. पिशवीतून तुरीच्या शेंगा काढल्या, सोलून मला दिल्या, एकही स्वतः खाल्ली नाही. सर काय म्हणाले ते विचारलं. मी जसंच्या तसं सांगितलं. ते हसले नाहीत, पण मान हलवली. मग उठून छताच्या कडीकडं आणि खिडकीच्या गजाकडं पाहिलं आणि बाजारात जाऊन सुतळी घेऊन आले.

"दोरीनं चालन ना? रबराले दोरी लागली तं काही होत नाही?"

"नाही होत."

"पात्याले?"

"पात्याखाली कापड घाला."

त्यांनी कापड घातलं. प्रत्येक गाठीला मला विचारलं, आणि मी उत्तर दिल्याशिवाय ती ओढली नाही. मोनोफिन खाटेच्या वर झोळीसारखं आडवं टांगलं गेलं, सपाट, सावलीत, उंदरांच्या वर. त्यांनी एका बोटानं ते हलवून पाहिलं.

"पडलं तं माह्याच पोराच्या डोक्यावर पडन," ते म्हणाले. "निजून पाह आता."

मी खाटेवर आडवा झालो. माझ्या खोलीतला मुलगा दारात येऊन उभा होता, मला थोडी लाज वाटली.

"पाय मावते का?" बाबांनी विचारलं.

"मावतात."

त्यांनी एकदा पायाकडून, एकदा डोक्याकडून पाहिलं. मग एसटीची वेळ झाली म्हणून ते निघाले, आणि मला म्हणाले, उठू नको.