कपाटातले बूट

हाफ टाइमला प्रकाशनं बूट काढला, तर मोजाच निघेना. टाचेच्या फुटलेल्या फोडांना चिकटून बसला होता.

बूट काढून खेळतो, असं तो म्हणाला. मी रेफ्रीला विचारून आलो. बुटाशिवाय खेळता येणार नाही, नियम म्हणजे नियम.

हिंगोली नुकताच वेगळा जिल्हा झाला होता. मी वसमतच्या फुटबॉल टीमचा मॅनेजर. त्याआधी बारा वर्षं स्वतः खेळलो होतो. आमच्याकडं मॅनेजर म्हणजे टीम निवडणारा, शिकवणारा आणि पाण्याचा कॅन उचलणारा, सगळं एकच. प्रकाश आखाडा बाळापूरजवळच्या तांड्यावरचा, वीस वर्षांचा. लेफ्ट विंगर, म्हणजे डाव्या कडेनं बॉल घेऊन पळणारा. गावाकडच्या मॅचमध्ये अनवाणी पळायचा तेव्हा कुणाच्या हाती लागायचा नाही. त्या दिवशी नांदेडला एका सरकारी खात्याचे सिलेक्टर खास त्याला बघायला आले होते. पसंत पडला असता तर खात्याच्या टीममध्ये नोकरी. नाहीतर दिवाळीनंतर घरच्यांबरोबर ऊसतोडीला.

देणगीत आलेले कोरे बूट मी महिनाभर कपाटात कुलपात ठेवले होते. नवी वस्तू सणालाच अंगावर घालायची, ही आमची रीत. मॅचच्या सकाळी नारळ फोडला आणि बूट वाटले. नवी चप्पल चावते हे शेंबड्या पोरालाही कळतं. पण मी जन्मभर दुसऱ्यांचे उतरलेले बूट घालून खेळलो. फुटबॉलचा कोरा बूट माझ्या पायाला कधी लागलाच नव्हता. अक्कल गहाण ठेवली होती, दुसरं काय.

त्याला बाहेर काढावं, तर नियमानं परत आत घेता येत नव्हतं.

मी म्हणालो, "पंधरा मिनिटं दम धर. साहेब बघून राहिले."

"बराबर हाय, सर," म्हणून त्यानं बूट चढवला.

तो लंगडतच राहिला. सिलेक्टर मॅच संपायच्या आधीच उठले. मी मागं धावलो, फोडांचं सांगितलं.

"मी पळणारा बघायला आलो होतो," ते म्हणाले. "फोड कागदावर कुठं लिहू?"

परतीच्या एसटीत प्रकाश पाय वर घेऊन खिडकीशी बसला. मला त्याची माफी मागायची होती. वसमत आलं तरी मागितली नाही. ती टोचणी अजून आहे.

दिवाळीनंतर ऊसतोडीला निघताना तो बूट परत द्यायला आला. धुतलेले, तेल लावलेले, त्याच खोक्यात.

"ठेवा, सर. दुसऱ्या कोणाला होतील. आता चावणार न्हाईत."

तेव्हापासून नवे बूट आले की मी त्याच दिवशी वाटतो. प्रकाशचे बूट पुढं तिघांनी घातले. कोणालाच चावले नाहीत.