सिनायने पंप मागितला

सिनायला एका जागी बसवत नसे. तिची आई म्हणायची, या पोरीच्या बुडाखाली कुणीतरी खेकडा सोडलाय. आता वय एकोणसाठ, नवरा जाऊन चार वर्षं झालेली, दोन्ही मुली राजधानीच्या बेटावर नोकरीला, गुडघे कुरकुरणारे. पण खेकडा तिथेच होता. त्यात पंचायतीने तिला तीन दिवसांचं शिक्षण देऊन पाण्यातलं मीठ मोजायचं मीटर गळ्यात अडकवलं, आणि उरलीसुरली झोपही गेली.

ओनोटोआ बेटावर नऊ महिने पाऊस नव्हता. म्हणजे दोनदा पडल्यासारखं करून गेला, तेवढाच. विलायती फणसाची झाडं बोराएवढी फळं टाकून मोकळी होत होती. नारळ मुठीएवढे. म्हातारे आकाशाकडे बघत. सिनाय खाली बघे. बेटाच्या वाळूखाली खारं पाणी आणि त्यावर तरंगणारा गोड पाण्याचा थर, दुधावरच्या सायीसारखा. हलक्या हाताने बादली सोडाल तर साय मिळेल. ढवळलंत की संपलं. हे तिला मीटर यायच्या आधीपासून ठाऊक होतं, बापाने शिकवलं होतं. मीटरने फक्त आकडा दिला: दीड हजाराच्या आत बरं, अडीच हजाराच्या पुढे तोंडात घेऊ नये.

सकाळी चौदा विहिरी मोजून झाल्या की ती पंधराव्या ठिकाणी जाई. तो तिचा स्वतःचा बाबायचा, म्हणजे मोठ्या अळूचा, खड्डा. आजाने खणलेला, बापाकडून तिच्याकडे आलेला. खांद्याइतका खोल, तळाला गोड पाण्याचा चिखल आणि त्यात माणसापेक्षा उंच अळू. प्रत्येक बुंध्याभोवती केवड्याच्या पातीची बिनबुडाची टोपली, टोपलीत कुजवलेला पाला. कुठला पाला, ते ती मुलींनासुद्धा फोनवर सांगत नसे. सहा झाडं बारा वर्षांची होती, नवऱ्याच्या हातची. त्यांच्या पानांच्या कडा आता करपायला लागल्या होत्या.

"अकराशे. मग तेराशे. आज सोळाशे," ती शेजारच्या रकेराला म्हणाली.

"अगं, दुष्काळ आहे."

"दुष्काळ सगळ्यांना आहे. पलीकडच्या विहिरी बाराशेवर थांबल्यात. माझ्याच खड्ड्याला कसला ताप आलाय?"

रकेराने बोट नुसतं उजवीकडे केलं. चाळीस पावलांवर बरानिकोच्या विहिरीवर पेट्रोलचा पंप धडधडत होता. बरानिको म्हणजे सिनायचा थोरला दीर. त्याच्या मुलाचं लग्न दोन आठवड्यांवर आलं होतं आणि म्हाताऱ्याने सुनेसाठी सिमेंटच्या विटांचं घर काढलं होतं. विटांना पाणी लागतं. दिवसभर तो ती साय ढवळत होता.

पंप थांबवा म्हणून सिनाय दोनदा सांगून आली.

"तुझं ते घड्याळ बिघडलंय," बरानिको म्हणाला. "माझं पाणी गोड आहे. चहा घेऊन बघ."

"चार चमचे साखर टाकल्यावर समुद्रही गोड लागेल, भाऊजी."

"मग समुद्र मोज जा. माझ्या विहिरीत काय डोकावतेस?"

पंचायतीचा कारकून म्हणाला, अर्ज द्या, पुढच्या बैठकीत घेऊ. अर्जाने पंप थांबत नाही. पेट्रोल संपल्यावर थांबतो, आणि बरानिकोकडे तीन डबे भरलेले होते. त्या दिवशी आकडा अठराशे वीस झाला.

मग शनिवारी गावच्या मानेआबात, त्या मोठ्या छपराखाली, लग्नाची बैठक बसली. म्हातारे आपापल्या पिढीजात जागी, खांबाला टेकून. बायका मागे, चटयांच्या कडेला. मासे कोण आणणार, डुकरं किती, हे चाललेलं. सिनाय तीन वेळा उठली, तीन वेळा रकेराने तिला पदराला धरावं तसं लुंगीला धरून खाली बसवलं. चौथ्यांदा तिने लुंगी सोडवून घेतली आणि सरळ मधे जाऊन उभी राहिली.

"भाऊजी, मी तुमच्याकडे बुबुसी करते. मला तुमचा पंप द्या."



नात्यातल्याने बुबुसी केली, म्हणजे मागितलं, की नाही म्हणायचं नाही, द्यायचंच. पण ते मागायची रीत असते. संध्याकाळी घरी जावं, चटईवर बसावं, आजारपणं विचारावीत, माशांबद्दल बोलावं, आणि निघता निघता खालमानेनं मागावं. भर सभेत, उभं राहून, थोरल्या दिराकडे? अशी बुबुसी त्या बेटावर कुणी ऐकली नव्हती. बोलल्याबरोबर सिनायचे कान गरम झाले. पण शब्द सुटला होता.

बरानिको उठला, बाहेर गेला. परत आला तो ढकलगाडी घेऊन. तिच्या पायाशी त्याने पंप ठेवला, नळी ठेवली, पेट्रोलचे तिन्ही डबे ठेवले.

"घे. हे झाकणही घे, नाहीतर हरवशील."

म्हातारे माना डोलावत "वा, वा" म्हणाले. बरानिकोची छाती इतकी फुगली की सदऱ्याचं बटण ताणलं.

"तू पंप आणलास की त्याला पाटीलकी दिलीस?" परतताना रकेरा म्हणाली. "चार भिंतीत मागितला असतास तर चार भिंतीत फेडता आला असता. आता तो काय मागेल, देव जाणे. आणि सगळ्यांसमोर मागेल."

पुढचा आठवडाभर सिनायने ना धड खाल्लं, ना धड चटई विणली. सकाळ, दुपार, संध्याकाळ खड्ड्यात उतरायची. एकोणीसशे. एकोणीसशे. अठराशे पन्नास. उतरतोय, पण गोगलगायीच्या चालीने. आणि दर फेरीला मनात तेच: काय मागेल? डुक्कर? होडी? मीटर मागितलं तर?

पुढच्या रविवारी प्रार्थना सुटल्यावर, सगळं गाव दारात उभं असताना, बरानिकोने घसा साफ केला.

"सिनाय, मी तुझ्याकडे बुबुसी करतो. मुलाच्या लग्नाला तुझे बाबायचे मोठे कंद हवेत. सहाच्या सहा."

ज्यांच्यासाठी पंप मागितला, तेच हा उपटून नेणार.

"एखादा राहू द्या, भाऊजी. त्यांच्या हातचे आहेत."

"मी तुला अर्धा पंप दिला का?" बरानिको म्हणाला. मग जरा खालच्या आवाजात, "घर अर्धं राहिलं माझं. पाहुण्यांपुढे पान तरी भरलेलं दिसू दे."



ती स्वतः खणायला उतरली. दुसऱ्याला हात लावू दिला नाही. एकेक कंद दोन बाप्यांनी बांबूला बांधून नेला. प्रत्येकाचा शेंडा मात्र तिने चार बोटं कंद ठेवून कापून घेतला आणि ओल्या पाल्यात गुंडाळून सावलीत ठेवला. शेंडा पुन्हा लावता येतो. पण पाच-सहा दिवसांत लावायला हवा, आणि खाऱ्या चिखलात तो सडतो. आकडा होता सतराशे चाळीस. चौदाशेच्या खाली आल्याशिवाय शेंडा जमिनीत घालू नये, असा तिचा अंदाज.

लग्नात कंदांची फार वाहवा झाली. सिनायने एक घास खाल्ला. शेंडे कापल्याच्या चौथ्या दिवशी, आकडा पंधराशेवर आला असताना, रकेरा धावत आली. नवरा मुलगा लग्नासाठी राजधानीहून येताना बापाला भेट घेऊन आला होता. खोक्यात. नवाकोरा पंप, पहिल्याच्या दुप्पट ताकदीचा.

सिनाय तडक निघाली, आणि वाटेत थांबली. घरी परत गेली. अंघोळ केली, केवड्याच्या फळाच्या वाळवलेल्या गोड वड्यांचा पुडा घेतला आणि सूर्य कलल्यावर बरानिकोच्या चटईवर जाऊन बसली. त्याच्या बायकोची कंबर विचारली. मासे लांब गेलेत, हे दोनदा ऐकून घेतलं. नवी सून किती गोरी आहे, तेही. आत जिवाची नुसती काहिली होत होती. अंगठा मात्र चटईखाली दाबून धरला होता. शेवटी ती खालमानेनं म्हणाली, "भाऊजी, पाऊस पडेपर्यंत तो खोका उघडू नका. एवढं मागते."

बरानिकोने वडी चघळली. "पुन्हा मागायला आलीस? बाई, मी आता तुझ्याकडे मागावं असं उरलंय काय तुझ्यापाशी?"

"सहा शेंडे आहेत. पाणी गोड झालं तर परवा लावते. बाराव्या वर्षी त्यांचे कंद पहिल्यापेक्षा मोठे होतील. नातवाच्या लग्नाला मागा, उभ्या गावासमोर मागा. देईन. पाणी खारं झालं तर मात्र मागायलाही काही राहणार नाही."

"नातू! कालच तर लग्न झालंय."

"मग घाई कसली आहे पंपाची?"

म्हाताऱ्याने खोक्याकडे पाहिलं. मग बायकोला हाक मारली आणि दोघांनी मिळून तो वर, छपराच्या आढ्यावर, होडीच्या वल्ह्यांशेजारी चढवला. "विटा?" बायकोने विचारलं. "वाट बघतील," तो म्हणाला.

सहाव्या दिवशी सकाळी आकडा चौदाशे दहा होता. दोन शेंडे तोवर मऊ पडले होते. ते तिने डुकरांना टाकले. उरलेले चार घेऊन ती खड्ड्यात उतरली. दहाने काय होतंय, असं म्हणाली, आणि पहिला चिखलात खोचला.